सिंगल फेजवरचे द्वंद्व

सोलकॅलिबर टू हा नाम्को या जपानी कंपनीचा, शस्त्रांनी लढायचा व्हिडिओ गेम आहे. 2002 साली तो पैसे टाकून खेळायच्या यंत्रांवर आला आणि 2003 साली प्लेस्टेशन टू, एक्सबॉक्स व गेमक्यूब या तीन घरगुती यंत्रांवर. आधीचा सोलकॅलिबर 1998 चा. तो पुढच्याच वर्षी सेगाच्या ड्रीमकास्टवर आला, पण ड्रीमकास्ट बीड जिल्ह्यात कुणी पाहिल्याचे ऐकिवात नाही. त्यामुळे जिल्ह्यापुरता दुसरा भाग हाच पहिला. मागे काय घडले हे ठाऊक नसल्याने काही अडत नाही. एक शापित तलवार आहे, ती सगळ्यांना हवी आहे आणि ज्याच्या हाती लागते त्याचे वाटोळे होते. बांधाच्या वादात तीन पिढ्या तालुक्याच्या कोर्टात तारखा करणाऱ्या घराला हे कथानक समजावून सांगावे लागत नाही.

कथानकाचा काळ सोळाव्या शतकाची अखेर. नाइटमेअर नावाचा चिलखतवाला युरोपात त्या तलवारीने माणसे कापत सुटलेला असताना बीडवर अहमदनगरच्या निजामशाहीचा अंमल होता आणि सलाबतखानाने शहराबाहेर खजाना विहीर बांधून घेतली होती. गेममध्ये हा भाग आलेला नाही. जपान, चीन, कोरिया, ग्रीस, स्पेन अशा सर्व ठिकाणचे लढवय्ये घेतले आहेत, दख्खन तेवढे राहून गेले. त्यातल्या त्यात समाधान असे की व्होल्डो हा धन्याच्या खजिन्यावर पहारा देणारा आंधळा इटालियन दोन्ही हातांत आपल्याकडची कट्यार घेऊन लढतो आणि त्या कट्यारींची नावे मानस व आयुस अशी आहेत. किलिक नावाच्या पोराच्या काठीचे नाव तर कलियुग आहे, त्यामुळे कीर्तनाला जाणाऱ्या आजोबांना हा गेम अगदीच परका वाटू नये. दांडपट्टा मात्र कुणाच्याच हातात नाही. महाराष्ट्र शासनाने त्याला राज्यशस्त्राचा मान 2024 मध्ये दिला, तोवर नाम्कोचे काम उरकून दोन दशके उलटली होती. कोयताही नाही. अर्थात बीडचा कोयता दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या गाडीत पडतो आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावरच गावी परततो, त्याला दुसऱ्या कामाला सवड नसते.

खेळासाठी लागणारे साहित्य : प्लेस्टेशन टू, डीव्हीडी, दोन कंट्रोलर, आठ एमबीचे मेमरी कार्ड, टीव्ही आणि एक्स्टेन्शन बोर्ड. प्लेस्टेशन टू जगात पंधरा कोटींहून जास्त खपले, त्यातले एखादे बीड जिल्ह्यातल्या घरात यायचे ते बहुधा पुण्यात कंपनीत असलेल्या मामाकडून, तेही मामाच्या मुलांकडे पुढचे मॉडेल आल्यावर. त्या काळी बीड शहराला रेल्वे नव्हती, म्हणून यंत्राचा प्रवास ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, साड्यांच्या घड्यांत गुंडाळून व्हायचा. जोडणीला पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिना असतात. जुन्या टीव्हीला मागे दोनच भोके असतात. अशा वेळी पिवळी व पांढरी लावावी आणि लाल लोंबकळू द्यावी; आवाज निम्मा येतो आणि तेवढा पुरतो. चित्र काळेपांढरे दिसले तर टीव्ही बिघडलेला नाही. डिस्क अमेरिकी पद्धतीची आहे आणि टीव्ही आपल्या पद्धतीचा, म्हणून रंग उमटत नाहीत. टीव्हीच्या डोक्यावर थापट मारण्याचा उपाय इथे लागू पडत नाही, पण तो केल्याशिवाय कुणाचे समाधान होत नाही.

विजेचा विचार खेळाच्या विचाराआधी करावा. गावात सिंगल फेज असेल तेव्हा दिवा, पंखा आणि टीव्ही चालतात. थ्री फेज आले की शिवारातल्या मोटारी सुरू होतात. ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, आणि त्याच क्षणी टीव्हीचे चित्र दोन्ही बाजूंनी आत सरकते. हा क्षण खेळाडूने ओळखायला शिकले पाहिजे. आकसलेल्या चित्रात उरलेला जीव दाखवणाऱ्या आयुष्यरेषेची टोके धड दिसत नाहीत, रंग मळतात, आणि प्रतिस्पर्धी किती मेला आहे याचा अंदाज चुकतो. व्होल्टेज आणखी पडले तर यंत्र मान टाकते. लोडशेडिंगचे वेळापत्रक घरातल्या कॅलेंडरवर दूध आणि गॅसच्या तारखांशेजारी लिहिलेले असतेच. सामना त्यानुसार धरावा. वेळापत्रकात वीज आहे म्हणजे ती प्रत्यक्षात आहे असे समजू नये. डीपी जळाला तर तो वेळापत्रकाच्या बाहेरचा विषय होतो आणि पुढची तारीख वायरमन सांगेल ती.

वीज आली म्हणजे टीव्ही मिळाला असे होत नाही. संध्याकाळी सातपासून मालिका, त्यानंतर बातम्या, सामना असला तर क्रिकेट, अशी चढती भाजणी असते आणि गेमचा हक्क सर्वांच्या शेवटी येतो. दुपार ही खरी वेळ. वडील शेतावर किंवा दुकानात, आई पडलेली, आजी जागी. आजीचा विरोध नसतो, तिला चौकशा असतात. टाकी किंवा आयव्ही या लढवय्या बायांपैकी कुणी पडद्यावर आली की ती हमखास विचारते, "आरं, या बाईला थंडी वाजत नसंल का?" या प्रश्नाला उत्तर नाही. वडीलधारे खोलीत असताना मित्सुरुगी घ्यावा, हा अनुभवी खेळाडूंचा दंडक आहे. तो सामुराई आहे, त्याच्या अंगावर पुरेसे कपडे असतात आणि तलवार कशी चालते हे बघणाऱ्याला लगेच कळते.

कंट्रोलरची वाटणी वयानुसार होते. यंत्राबरोबर आलेला मूळ कंट्रोलर थोरल्याचा. बाजारातून आणलेला हलका, ज्यावर लढवय्या आपोआप डावीकडे ओढला जातो, तो धाकट्याचा. पाहुणा आला तर धाकट्याचा कंट्रोलर पाहुण्याला जातो आणि धाकटा प्रेक्षक होतो. हरलेला उठेल हा नियम सर्वांना मान्य असतो, थोरला हरेपर्यंत.

आता प्रत्यक्ष खेळ. चौकोनाच्या बटणाने आडवा वार होतो, त्याला ए म्हणतात. त्रिकोणाने उभा वार, तो बी. गोलाने लाथ, ती के. आणि फुलीने बचाव, तो जी. मारामारीच्या बऱ्याच खेळांत मागे सरकले की आपोआप बचाव होतो, इथे तो बटण दाबून करावा लागतो. नवख्याचा पहिला महिना हे न कळण्यात जातो. हातात तलवार दिली की माणसाचा अंगठा चौकोन आणि त्रिकोण यांपलीकडे जात नाही, आणि फुली तशीच कोरी राहते. मागे बसलेली सगळी पोरे "जी दाब, जी दाब रं!" म्हणून ओरडत असतात, खेळणाऱ्याला ते ऐकू येते, आणि तो ए दाबतो.

आडवा आणि उभा यांतला फरक समजला की अर्धा खेळ समजला. या गेममध्ये खेळाडू आठही दिशांना पळू शकतो; त्यामुळे समोरून येणारा उभा वार बाजूला पाऊल टाकून चुकवता येतो. पण बाजूला पळणाऱ्याला आडवा वार गाठतो. आडव्या वारांपैकी बरेच डोक्याच्या उंचीवर असतात, ते खाली बसले की वरून निघून जातात; आणि खाली बसलेल्याच्या टाळक्यात उभा वार बसतो. म्हणजे प्रत्येक युक्तीला उतारा आहे आणि त्या उताऱ्यालाही उतारा आहे. उभ्याने केलेला बचाव पायावरचा वार अडवत नाही, बसून केलेला बचाव मधला वार अडवत नाही. जी दाबून ठेवून निवांत राहू म्हणणाऱ्यासाठी पकड आहे : ए आणि जी, किंवा बी आणि जी एकदम दाबले की प्रतिस्पर्धी धरला जातो. धरला गेलेल्याने त्याच क्षणी योग्य बटण दाबले तर सुटका होते. योग्य बटण ए की बी हे धरणाऱ्याने कोणते दाबले यावर ठरते, आणि ते ओळखायला निमिषभर मिळते. धाकटे भाऊ ते थोरल्याच्या अंगठ्याकडे तिरके बघून ओळखतात. नियमपुस्तिकेत याला मनाई नाही.

सगळ्यात सुंदर युक्ती झटक्याची. शत्रूचा वार अंगावर येत असताना नेमक्या वेळी पुढची दिशा आणि जी दाबले की वार उधळला जातो आणि मारणारा क्षणभर उघडा पडतो. उघडा पडलेलाही लगेच झटका मारून डाव उलटवू शकतो. दोन जाणते समोरासमोर आले की वारांपेक्षा झटकेच जास्त होतात, खणाखणी ऐकून शेजारचे दार उघडून बघतात, आणि आयुष्यरेषा मात्र दोघांच्याही भरलेल्या. हा प्रकार बीड जिल्ह्यात क्वचित दिसतो, कारण बहुतेक सामने बटणे बडवणाऱ्यांत होतात.

बटणे बडवणारा हा स्वतंत्र विषय आहे. त्याला नियम माहीत नसतात आणि म्हणूनच त्याचा अंदाज बांधता येत नाही. किलिक किंवा मॅक्सी त्याच्या हाती लागला तर काठी आणि नानचाकू इतके फिरतात की जाणकार महिनाभर शिकलेले सगळे विसरतो. आतेभाऊ सुटीत येतो, कधी कंट्रोलर धरलेला नसतो, आणि पहिल्याच दुपारी थोरल्याला तीनदा लोळवतो. यावर उपाय आहे आणि तो कंटाळवाणा आहे. जी दाबून थांबावे. बडवणारा थांबत नाही, त्याचा प्रत्येक लांब वार संपल्यावर एक फट पडते, त्या फटीत एकच उभा वार घालावा आणि पुन्हा जी धरावा. असे केल्यास सामना जिंकता येतो, पण खोलीतली पोरे "काय म्हाताऱ्यासारखा खेळायलास!" म्हणून हिणवतात. आतेभाऊ रडतो, तो पाहुणा असल्याने बोलणी थोरल्याला बसतात. जिंकावे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे.

रिंग आउटबद्दल जिल्ह्यात मतभेद आहेत. बऱ्याच रिंगणांना कठडा नसतो. कडेवरून खाली पडला तो हरला, मग आयुष्यरेषा कितीही शिल्लक असो. कुस्तीत पाठ लागेपर्यंत पैलवान हरत नाही, या हिशेबाने वाढलेल्या पोरांना हे पटत नाही. ॲस्टारॉथ हा कुऱ्हाडवाला राक्षस समोरच्याला उचलून थेट बाहेर फेकतो, तेव्हा "रडीचा डाव" अशी ओरड होते आणि काही घरांत ॲस्टारॉथ घेण्यावर बंदी येते. ही बंदी शास्त्राला धरून नाही. कडेला पाठ करून उभे राहिलेल्याला ढकलणे हा खेळाचाच भाग आहे, आणि कडेला पाठ करून उभे राहू नये हा त्यावरचा साधा उपाय.

तिन्ही यंत्रांवर एकेक पाहुणा लढवय्या दिलेला आहे. गेमक्यूबवर लिंक, एक्सबॉक्सवर स्पॉन आणि प्लेस्टेशनवर टेकन या दुसऱ्या गेममधला हेहाची मिशिमा. हेहाची शस्त्राच्या खेळात हात हलवत येतो आणि हातांनीच मारतो. तो म्हातारा आहे, डोक्याला मधोमध टक्कल आहे आणि कुणाचे ऐकत नाही. या तीन गुणांमुळे तो जिल्ह्यात लवकर लोकप्रिय होतो.

दुसरा खेळाडू नसेल तर वेपन मास्टर हा प्रकार खेळावा. नकाशावर मुक्कामामागून मुक्काम लढाया असतात, जिंकले की सोने मिळते आणि सोन्यातून हत्यारे विकत घेता येतात. कधी लढताना अंगात विष भिनून आयुष्यरेषा आपोआप घटत जाते, तेव्हा झटपट उरकावे लागते. प्रत्येक लढवय्याला अनेक हत्यारे आहेत : एकाने मार जास्त बसतो, दुसऱ्याने बचाव पक्का होतो, आणि एखादे निव्वळ गमतीचे. नाइटमेअरला चक्क जहाजाचे वल्हे मिळते. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसलेल्या गावात त्याचे काय करायचे असा प्रश्न पडतो, पण मार चांगला बसतो.

कमावलेले सोने आणि हत्यारे मेमरी कार्डात साठतात, आणि खेळातली सगळ्यात धोक्याची घडी तीच. सेव्ह होत असताना वीज गेली तर कार्डातला मजकूर खराब होऊ शकतो आणि नाइटमेअर वल्ह्यासकट नाहीसा होतो. म्हणून थ्री फेज यायच्या आधी सेव्ह करावे, सेव्ह होईपर्यंत कुणालाही मिक्सर लावू देऊ नये, आणि लाल दिवा लागल्याची खात्री करून यंत्राचे मागचे बटण बंद करावे. पिना उपटताना तारेला धरून ओढू नये. प्लेस्टेशनची पिवळी पिन काढून टीव्हीला पुन्हा डिशची पिवळी पिन लावून ठेवावी. हे राहून गेले आणि सात वाजता मालिकेऐवजी काळा पडदा आला, तर पुढच्या रविवारपर्यंत प्लेस्टेशन कपाटाच्या वरच्या कप्प्यात, गोधड्यांच्या मागे, असते.