जाळीत अडकलेले गृहस्थ

शेतावर पंपासाठी खोली बांधायची निघाली की गवंडी मिळेपर्यंत दम न धरणारे एक गृहस्थ प्रत्येक गावात असतात. चार व्हिडिओ पाहून ते ‘पाया आपणच भरायचा’ असं जाहीर करतात. खड्डा खणण्यापर्यंत सगळं ठीक चालतं, कारण माती ऐकते. सळई ऐकत नाही.

पहिली खडाखडी दुकानातच होते. गृहस्थ ‘बारा एमएम’ म्हणतात आणि दुकानदार आत ओरडतो, “चार सुती काढ रे!” मग वजनाचा हिशेब. व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरमागे किलो. बारा मीटरची एक सळई साडेदहा किलोंच्या वर भरते. वजन पेलतं हो, लांबी पेलत नाही. टेम्पोत मावावी म्हणून ती मधोमध दुमडून येते आणि ती सरळ करण्यात गृहस्थांची अख्खी दुपार जाते.

एवढा खटाटोप हवाच का? काँक्रीट दाबाला पहिलवान, पण ताणाला अगदीच लेचंपेचं. दाब सोसण्याच्या ताकदीचा जेमतेम दहावा हिस्सा ताणाच्या वाट्याला येतो. ती उणीव सळई भरून काढते. जोझेफ मोनिए या फ्रेंच माळ्यानं सिमेंटच्या कुंड्यांत लोखंडी जाळी घालून 1867 मध्ये पेटंट घेतलं. आपले गृहस्थ बागही करतात, त्यामुळे हे कळल्यावर त्यांचा आत्मविश्वास भलताच वाढतो.

तो उतरवायला शेजारच्या साइटवरचा, सळया बांधणारा फिटर येतो. खड्ड्यात डोकावून म्हणतो, “काका, जाळी झोपलीय.”

खरंच, सळयांची जाळी मातीवर सपशेल आडवी पडलेली असते. खांब वरून दाबतो, जमीन खालून रेटते, फुटिंग, म्हणजे खांबाखालचा पाया, वाकायला बघतं आणि ताण खालच्या अंगाला येतो. म्हणून जाळी तळाशीच हवी, पण मातीला टेकलेली नको. आयएस 456 या भारतीय मानकाप्रमाणे फुटिंगच्या सळईभोवती किमान 50 मिलिमीटर काँक्रीट लागतं. गृहस्थ लगेच विटांचे तुकडे सरकवतात. फिटर ते काढून फेकतो, कारण वीट पाणी पिते आणि इमानेइतबारे सळईपर्यंत पोहोचवते. तिथे सिमेंटचे कव्हर ब्लॉकच लागतात.

गंज चढू नये म्हणून सळ्यांना ऑइलपेंट द्यायचाही बेत असतो. डबा उघडलेला पाहून फिटर खाली बसतो. वरवरचा तांबूस गंज चालतो. सुटे पापुद्रे, चिखल आणि तेल-रंग चालत नाहीत, कारण मग काँक्रीट सळईला धरत नाही. शिवाय चांगल्या काँक्रीटचा अल्कधर्मी गुणच गंजाला रोखून धरतो.

खांबाच्या रिंगांची टोकं गृहस्थांनी काटकोनात वळवलेली. “भूकंपात उघडतील,” फिटर म्हणतो आणि एकेक टोक 135 अंशांत आत वळवून दाखवतो. तार बांधण्यात मात्र गृहस्थ कुणाला हार जात नाहीत. प्रत्येक चौकटीला तिहेरी पीळ, जणू इमारत त्या गाठींवरच उभी राहणार! गाठीचं काम इतकंच, की काँक्रीट ओतताना सळई जागची हलू नये. हे ऐकून त्यांचा चेहरा उतरतो, पण तोवर बोटांना फोड आलेले असतात.

काँक्रीट पडायच्या आधी ते सगळ्या बाजूंनी फोटो काढतात आणि नातेवाइकांना पाठवतात. नागपूरच्या मेहुण्यांचं उत्तर पाच मिनिटांत येतं: “छान. गेटला रंग कोणता देणार?”