शिर्डी किती लांब, सर?

पीएचडीच्या मौखिक परीक्षेला बाहेरून येणारा परीक्षक आधी प्रबंधाबद्दल विचारतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी नगर जिल्ह्यात नोकरी केलेली नाही. आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला आहे. "सर, तुमच्याकडून शिर्डी किती लांब?" त्याच दमात दुसरा, "आणि शिंगणापूर वाटेतच पडतं ना?" प्रबंधाचा विषय निघतो तिसऱ्या फोनला. तोही एवढाच, "ते बाड पोचलं बरं का. अजून उघडलं नाही, पण जाड दिसतंय. काम चांगलं असणार."

दोष परीक्षकाचा नाही, भूगोलाचा आहे. पुण्याच्या विभागात आलेला पाहुणा जाऊन जाऊन तुळशीबागेत जाणार. कोल्हापूरला अंबाबाई आहे, पण ती गावातच. रिक्षाने गेलं की तासाभरात माणूस परत सभागृहात. आमचं तसं नाही. वर साईबाबा, वाटेत शनिदेव, खाली कर्जत तालुक्यात सिद्धटेकचा गणपती, नेवाशाला ज्ञानेश्वरांचा पैस खांब, अरणगावला मेहेरबाबांची समाधी. ज्यांचा देवावर विश्वास नाही अशा पुरोगामी विद्वानांसाठी राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार. दोन दिवसांत एवढं उरकायचं आणि मध्ये ज्ञानदानही करायचं म्हणजे पाहुण्याची किती ओढाताण होत असेल! ती होऊ नये म्हणून आम्ही ज्ञानदान आटोपशीर ठेवतो.

व्हायवाची तारीख काढणं हे आमच्या विभागात विकसित झालेलं स्वतंत्र शास्त्र आहे. मागे एका परीक्षकांनी शनिवारच हवा, असा आग्रह धरला. विद्यार्थ्यांचे तास बुडू नयेत ही त्यांची तळमळ पाहून आम्ही गहिवरलो. कॅलेंडर उलटलं तर त्या दिवशी शनी अमावास्या. अकराला सुरू झालेली व्हायवा साडेअकराला संपली, पेढा खाऊन पावणेबाराला गाडी सुटली आणि घोडेगावच्या अलीकडेच गाड्यांच्या रांगेत अडकली. त्या रांगेत विद्यार्थी, मार्गदर्शक आणि परीक्षक असे तिघेही दोन तास एकाच गाडीत होते. करायला दुसरं काहीच नसल्यामुळे अखेर प्रबंधावर चर्चा झाली. आमच्या विभागाच्या इतिहासातली ती सर्वांत सखोल चर्चा. पदवीची शिफारस आधीच होऊन गेल्यामुळे विद्यार्थ्यानेही मोकळेपणाने सांगितलं, की तिसरं प्रकरण त्याला स्वतःलाही पटलेलं नाही.

गाडी कोण चालवत होतं? तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. नियम बनवणाऱ्यांनी त्यांना तासाप्रमाणे पैसे द्यायचं ठरवलं, पण ते तास फक्त वर्गातले. स्टेशनवरून आणण्याचे, गेस्ट हाउसच्या गिझरशी झटापट करण्याचे, शिर्डीच्या रांगेत चपला सांभाळण्याचे तास मोजायला अजून कुठल्या शासन निर्णयात रकाना नाही. हे प्राध्यापक नेट, सेट, पीएचडी असे सगळे सोपस्कार करून आलेले असतात, आणि विभागाची त्यांच्याकडून अपेक्षा एकच असते, की गाडी स्वतःची असावी. पाहुणे पुढच्या सीटवर बसून विचारतात, "मग, काय काम करता तुम्ही?" ते उत्तर देतात, "सर, कॉन्ट्रिब्युटरी लेक्चरर आहे." पाहुणे म्हणतात, "वा. नगर-मनमाड रस्ता एवढा खराब आहे, पण हात चांगला बसलाय हो तुमचा."

१ ऑक्टोबर २०१७ ला काकडीला शिर्डीचा विमानतळ सुरू झाला आणि आमच्या लेखा विभागापुढे नवा पेच उभा राहिला. प्रवासभत्त्याचा नियम म्हणतो, जवळच्या मार्गाने या. नगरला यायचं तर पुण्यात उतरावं आणि गाडीने यावं, हा आमचा जुना समज. पण पाहुण्यांनी नकाशाच्या आधारे सिद्ध करून दाखवलं, की भारतातल्या बहुतेक शहरांतून नगरला येण्याचा सर्वांत जवळचा मार्ग शिर्डीवरूनच जातो. परत जाण्याचाही.

चर्चासत्रांचं वेळापत्रक वेगळं. ती जानेवारी-फेब्रुवारीत होतात. मार्चअखेर निधी संपवायचा असतो हे वरवरचं कारण. खरं कारण शेतात असतं. ज्वारी तेव्हा हुरड्यात आलेली असते. 'जागतिकीकरण आणि ग्रामीण समाज' या विषयावर बीजभाषण करायचं तर आगटीतल्या कणसाचा गरम हुरडा, रेवड्या, लसणाची चटणी आणि दही यांचं प्राथमिक सर्वेक्षण व्हायला नको का? दुसऱ्या दिवसाचं तिसरं सत्र त्यामुळे नेहमी 'क्षेत्रभेट' असतं. सत्रप्रमुख शेताचा मालक असतो आणि त्या दोन दिवसांत विषयाची खरी माहिती असलेला तोच एक वक्ता.

उद्घाटन तेवढं जवळून पाहण्यासारखं. व्यासपीठावर खुर्च्या नऊ, त्यातल्या सात संस्थेच्या. मागे कापडी फलक. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं. आमचा फलक त्याच्याही आधीचा. त्यावर 'अहिल्या' अशी छापील पट्टी चिकटवलेली आहे. दिव्यासाठी पंखे बंद केले की उकाड्याने ती पट्टी एका कोपऱ्यातून सुटते आणि शिपाईमामा काठीने ती दाबून धरतात. समई पेटत नाही. प्रत्येक मान्यवर एकेक वात लावतो, मेणबत्ती पुढच्याकडे देतो आणि फोटोग्राफर म्हणतो, "सर, परत एकदा." मग स्वागतगीत, मग शाल, मग पाहुण्यांचा परिचय. परिचयात त्यांची १४ पुस्तकं, ६० शोधनिबंध आणि ११ देश वाचून दाखवेपर्यंत त्यांच्या बोलण्याची वेळ संपलेली असते. प्राचार्य "पुढच्या कार्यक्रमाला जायचंय" म्हणून उठतात, त्यांच्यामागे संस्थेच्या सात खुर्च्या उठतात. उरलेल्या बारा मिनिटांत बीजभाषण. "वेळेअभावी प्रश्नोत्तरे घेता येणार नाहीत" हे वाक्य सूत्रसंचालिकेच्या कागदावर आदल्या रात्रीच टाइप केलेलं असतं.

परदेशी पाहुणे आले की सगळा विभाग इंग्रजी होतो. महाराष्ट्रावर ज्यांनी आयुष्य घालवलं त्या एलिनॉर झेलियट, अ‍ॅन फेल्डहाऊस, गुंथर सोन्थायमर अशा मंडळींनी आधी मराठी शिकून घेतली आणि मग गावं पालथी घातली, हे आम्हाला पाठ आहे. आम्ही ते परीक्षेत दहा गुणांना विचारतो. पण त्याच वाटेने जाणाऱ्या एक अभ्यासक बाई प्रत्यक्ष आमच्याकडे आल्या, तेव्हा आमच्या स्वागताध्यक्षांनी वीस मिनिटं इंग्रजीत भाषण केलं. बाईंनी उत्तरादाखल स्वच्छ मराठीत विचारलं, "इथे जवळ धनगरवाडा कुठे आहे? मला ओव्या ऐकायच्या आहेत." सभागृहात शांतता. धनगरवाडा आमच्या दौऱ्याच्या कागदावर नव्हता. कागदावर रणगाडा संग्रहालय होतं. बाईंना रणगाडे दाखवले. त्यांनी ते पाहिलेही. ओव्या त्यांना शेवटी आमच्या शिपाईमामांच्या आईने ऐकवल्या. तो कार्यक्रम अधिकृत नसल्यामुळे अहवालात त्याची नोंद नाही.

केंद्र सरकारने २०१५ साली 'ग्यान' नावाची योजना काढली. परदेशी प्राध्यापकाने आठवडाभरात बारा ते चौदा तास शिकवायचं आणि आठ हजार डॉलरपर्यंत मानधन घ्यायचं. हे परिपत्रक विभागात वाचून दाखवलं, तेव्हा आमच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांनी कागदावर डॉलरचे रुपये केले, त्याला चौदाने भागलं, आणि गाडी पुसायला निघून गेले.

हे सगळं हल्लीचं. या गावाला विद्वान पाहुणा कसा ठेवून घ्यावा हे एके काळी उत्तम कळत होतं. निजामशाहीतली गोष्ट. बुऱ्हाण निजामशाहाने आपल्या पदरच्या पीर मुहम्मद शिरवानी या पंडिताला कामासाठी परांड्याला पाठवलं. तिथे इराणातून आलेले शाह ताहिर मुक्कामाला होते. पीर मुहम्मद त्यांच्याकडे टॉलेमीचा खगोलावरचा ग्रंथ शिकायला बसला तो वर्षभर परतलाच नाही. आज असं झालं असतं तर कर्तव्यरजेचा अर्ज कुठाय म्हणून नोटीस निघाली असती. सुलतानाने उलट विचारलं, असा कोण गुरू आहे तो? आणि १५२२ च्या सुमारास शाह ताहिरांनाच नगरला बोलावून घेतलं. किल्ल्यात त्यांची व्याख्यानं होत आणि सुलतान स्वतः ऐकायला बसे. दिवा लावून उठून जात नसे. हा पाहुणा पुढे राज्याचा सल्लागार झाला, वकिलातीवर गेला आणि १५३७ मध्ये सुलतानाने त्याच्याच प्रभावाने शिया पंथ स्वीकारला. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अर्जात 'बाह्य तज्ज्ञांच्या भेटीची फलनिष्पत्ती' असं विचारतात, तिथे आम्ही दरवर्षी 'विद्यार्थ्यांमध्ये जागृती झाली' असं लिहितो. शाह ताहिरांच्या भेटीला काय श्रेणी मिळाली असती कोण जाणे.

नॅकचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द. १९९४ साली बंगळुरूला ही संस्था सुरू झाली आणि पाहुणचाराला गुणपत्रिका आली. ३.५१ च्या पुढे गेलात तर ए डबल प्लस. समिती यायच्या आधी कुंड्या येतात, भिंतींना रंग येतो, ग्रंथालयातल्या पुस्तकांवरची धूळ आयुष्यात पहिल्यांदा उजेड पाहते आणि माजी विद्यार्थी म्हणून चहावाल्याचा भाऊसुद्धा कोट घालून बसतो. एवढं करून आम्ही शाल-श्रीफळ आणि फार तर डाळिंबाच्या पेटीवर थांबतो. (भगवा जातीचं डाळिंब, ते राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन, तेव्हा ते शैक्षणिक साहित्यात मोडतं.) बाहेर जग कुठल्या कुठे गेलंय. २०२५ च्या फेब्रुवारीत आंध्रातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या लाचखोरी प्रकरणात सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांनाच अटक केली. आरोपांच्या यादीत रोख रक्कम, सोनं, मोबाइल आणि लॅपटॉप. बातमी वाचून आमचे समन्वयक दिवसभर गप्प होते. संध्याकाळी म्हणाले, "आणि आपण दोन वर्षं भांडतोय, शाल पैठणी काठाची घ्यायची की साधी."

मुद्दा असा, की या जिल्ह्यात पाहुण्यांच्या हातून जगाने वाचावं असं काही लिहून झालं, ते अलीकडच्या काळात एकदाच. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रज सरकारने काँग्रेस कार्यकारिणीतल्या १२ जणांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. स्वागतगीत नाही. स्थळदर्शन नाही. शिर्डीचं दर्शन तर नाहीच. बरेच दिवस वर्तमानपत्रही नव्हतं. नेहरूंनी अंगणात खणून फुलझाडं लावली आणि १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढलं. आझादांनी 'गुबार-ए-खातिर' मधली पत्रं इथेच लिहिली. पहाटे उठून चहाही स्वतःच करत, कारण दुसऱ्याच्या हातचा त्यांना चालत नसे. हरेकृष्ण महताबांनी ओडिशाच्या इतिहासाला हात घातला. 'डिस्कव्हरी'च्या प्रस्तावनेत नेहरूंनी सोबत्यांशी झालेल्या चर्चांचे आभार मानले आहेत, म्हणजे चर्चासत्रही झालं, तेही नऊ खुर्च्यांशिवाय. परकीय सरकारचा हेतू वाईट होता, हे मान्य. पण यजमान म्हणून त्यांनी एक गोष्ट अचूक केली. पाहुण्यांना बाहेर सोडलं नाही.

हेच मी विभागाच्या बैठकीत मांडलं. इथून पुढे अभ्यागत प्राध्यापकांची सोय किल्ल्यात करावी. रोज दोन वेळचं साधं जेवण, ग्रंथालयातून मागतील ती पुस्तकं, अंगणात चार वाफे. गाडी नाही. शाल परत जाताना, आणि तीही हस्तलिखित हातात पडल्यावर. चहा ज्याचा त्याने करून घ्यावा. विभागप्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतलं. कल्पना अभिनव आहे, असं कार्यवृत्तात लिहिलंही गेलं. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे आधी परवानगीचा अर्ज करावा लागेल, अर्जासाठी पाच जणांची उपसमिती लागेल, आणि उपसमितीला मार्गदर्शन करायला बाहेरून एक तज्ज्ञ बोलवावा, ही सूचना एकमताने मंजूर झाली.

तज्ज्ञांचा होकार आला आहे. सोबत त्यांनी पत्नीचं, मेहुण्याचं आणि मेहुण्याच्या दोन्ही मुलांचं आधार कार्ड पाठवलं आहे.