हिरड्याची शाई आणि तात्यांच्या मिशा

पुण्यात हल्ली नवा कागद जुना करायला शिकवणारे वर्ग निघाले आहेत. शनिवार-रविवार, दहा ते पाच, साहित्य आणि चहासह. पहिल्या दिवशी माझ्यासमोर एक मोठा कप कोरा चहा आला. मी तो प्याले. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, तो कागदाचा होता."

या प्रकाराला आर्ट जर्नल म्हणतात. असते ती वहीच, पण तिच्यात लिहायचं कमी आणि चिकटवायचं जास्त. वाळकी पानं, एसटीची तिकिटं, लग्नपत्रिकांचे तुकडे, लेस, बटणं. त्यावर जेसो नावाचा पांढरा लेप, लेपावर रंग, रंगावर ठसे आणि सगळ्यात वर एखादा शब्द, शक्यतो 'श्वास' किंवा 'प्रवास'. हे झालं मिक्स्ड मीडिया. मग कागदाच्या कडा मेणबत्तीवर किंचित जाळायच्या, एखादा कोपरा फाडायचा आणि डिस्ट्रेस इंक नावाची तपकिरी शाई सगळीकडे पुसायची. काडेपेटीएवढ्या त्या डबीची किंमत ऐकून आमच्या ह्यांनी विचारलं, "एवढ्या पैशात नवीन काय काय येईल?" मी म्हटलं, "नवीन नकोच आहे."

माझं सासर हिर्डोशीचं. भोरहून वरंध घाटाकडे निघालं की नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेनं रस्ता जातो, त्या अंगाला. हा हिरडस मावळ, बाजीप्रभूंचा मुलूख. इथल्या माणसांनी घोडखिंड लढवली. मी वही लढवायला घेतली.

हिर्डोशीत कागद जुना करायला चहा लागत नाही, हे मात्र वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. जूनमध्ये एकदा पावसानं बैठक मारली की काडेपेटी पेटत नाही, पापड कागदासारखे आणि कागद पापडासारखे होतात. आषाढात फळीवर ठेवलेलं कोरं पुस्तक नवरात्रात उघडलं तर पेशवाईतलं वाटतं. कडा तपकिरी, मध्ये बुरशीची नक्षी, कसरीनं पाडलेली जाळी. पुण्यात ज्याचे मी पैसे मोजले होते ते सासूबाई दर दसऱ्याला झाडून उकिरड्यावर टाकत होत्या.

"पैसं देऊन जुनं करत्यात?" त्यांनी मला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा शेजारणीला बोलावून तिच्यासमोर विचारलं.

मी त्यांना इतिहास सांगितला. जुन्नरी कागद एके काळी किती नावाजलेला होता, पुण्याच्या कसब्यात कागदीपुरा कसा आहे, शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था कशी आहे आणि तिथला जाडसर, खडबडीत कागद मी कसा निवडून आणलाय. आबा, म्हणजे माझे सासरे, ओटीवर ऐकत होते. "कागदीपुऱ्यात आता कागद बनवत्यात?"

"नाही. नाव राहिलंय."

"हां," म्हणून आबांनी पान लावायला घेतलं.

आता शाई. विकतची शाई वापरणं मला कमीपणाचं वाटायला लागलं होतं. ज्या मावळाच्या नावातच हिरडा ऐकू येतो तिथं हिरड्याचीच शाई करायची, असं मी ठरवलं. हिरडा कुटून उकळला की पिवळट पाणी सुटतं. तुरटी घातली तर पिवळा रंग मिळतो, हिराकस घातला तर काळा. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकमेकांना भेटले की काळं करतात, एवढं साधं ते शास्त्र. हिराकस मिळाला नाही, म्हणून मी गंजके खिळे, मोडका कोयंडा आणि उंबऱ्यावर ठोकलेली घोड्याची नाल काढून उकळत्या पातेल्यात सोडली. नाल सोडण्याआधी आबांनी वाटीभर काढा मागून घेतला. हिरड्याचा हा दुसरा गुण त्यांना माझ्याआधी ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या कलेचं प्रथमच कौतुक केलं.

आबा दासबोधाचे वाचक. आमच्या घाटाखालीच शिवथरघळ. तिथं समर्थांनी दासबोध सांगितला, अशी श्रद्धा. मी शाई ढवळत असताना त्यांनी एकोणिसाव्या दशकातला पहिला समास काढला, लेखनक्रियेचा. अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एका टाकानं लिहिल्यासारखं असावं आणि चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे पुढे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. मी म्हटलं, "आबा, मिक्स्ड मीडियात मोकळी जागा सोडत नाहीत. आणि कडा मीच झडवते." आबांनी पोथी गुंडाळली.

वही पावसाळाभर वाढत गेली. शेवटी तिच्यात इतकं काही चिकटलं की ती मिटेना. सासूबाईंनी तिच्यावर पाट्याचा दगड ठेवला. घरातला जो कागद जुना, डागाळलेला आणि शिक्क्याचा दिसेल तो वहीत जात होता. माळ्यावरच्या ट्रंकेत तर खजिनाच सापडला. त्याची गोष्ट पुढे येतेच.

दिवाळी आली तशी मी शुभेच्छापत्रं करायला बसले. मोबाइलवरून पणतीचं चित्र पाठवणं मला आता हलकं वाटत होतं. हातकागद पोस्टकार्डाच्या मापानं कापला. कडा जाळल्या. एक कोपरा फाडला, तोही मुद्दाम तिरका. वरच्या बाजूला 'श्री' लिहायची आपल्याकडे रीत, पण तिथं मला नेच्याचा ठसा हवा होता, म्हणून 'श्री' गाळला. मग बोरूनं, स्वतः केलेल्या शाईनं, स्वतः केलेल्या चार ओळी लिहिल्या. आशय असा की वर्ष सरलं, आबांच्या ओटीवर दिवा लावला, सगळ्यांनी घरी यावं.

शाई फिकी निघाली. जेमतेम चहाच्या डागाइतकी. मी दुसरा हात दिला, मग तिसरा, आणि पार्श्वभूमीलाही एक फटकारा मारला. एकंदर छटा मस्त बदामी दिसत होती. त्याच दुपारी कार्डं भोरला जाणाऱ्या पुतण्याकडे दिली. पाकिटं मुद्दामच घातली नाहीत, पाकिटात कला दिसत नाही.

ही शाई लिहिताना फिकी असते आणि हवा लागेल तशी काळी पडत जाते, हे मला नंतर वाचनात आलं. युरोपात लोकांनी बाळगुटीतल्या मायफळासारख्याच झाडावरच्या गाठींची आणि लोखंडाची शाई शेकडो वर्षं वापरली, तीही अशीच काळवंडते आणि पुढे कागदच खाऊन टाकते. म्हणजे बदामी कार्डं प्रवासात काळीठिक्कर झाली होती. शब्द पार्श्वभूमीत बुडाले होते. वर श्री नाही, कुठं हळदीकुंकवाचं बोट नाही, कडा जळालेल्या, कोपरा फाटलेला. असं पत्र आपल्याकडे कशाचं येतं, हे सांगायला नको. पूर्वी तर तसलं कार्ड वाचून दारातच फाडून टाकायचे, घरात नेत नसत. शाईच्या त्या काळ्या तळ्यातून जे शब्द वर तरंगत होते ते असे: 'सरलं', 'आबा', 'दिवा लावला', 'सगळ्यांनी यावं'.

आमच्याकडे फोनची रेंज घराच्या मागच्या चढावर, आंब्याखाली, तीही वारा बरा असेल तर. लोकांनी फोन केले असणार. लागले नाहीत, तशी त्यांची खात्रीच पटली.

धनत्रयोदशीचा दिवस. चुलीवर कढई, कढईत चकल्या, जाऊबाई सोऱ्या फिरवतायत, मी ओटीवर कंदिलाला भाताच्या पेंढ्याच्या झिरमिळ्या लावतेय. एवढ्यात खालच्या वाटेनं हेल काढून रडण्याचा आवाज आला. आधी लांबून, मग जवळून. "दादा रंऽऽ, माझ्या दादाऽऽ..." महाडकडच्या आत्याबाई घाट चढून आल्या होत्या. डोक्यावरून पदर, मागे त्यांचा मुलगा, त्याच्या हातात फडक्यात बांधलेली पिठलं-भाकरी. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारपाजारचे देतात तो कडू घास त्यांनी घाट ओलांडून आणला होता.

आबा ओटीवरच बसले होते. बहिणीचा आवाज ऐकून ते घाबरून उठले आणि त्यांनीच विचारलं, "कोण गेलं गं?"

आत्याबाईंचा हेल मध्येच तुटला. त्यांनी भावाकडे पाहिलं. मग नाक ओढलं, वास घेतला आणि पहिला प्रश्न भावाला नाही, स्वैपाकघराच्या दिशेनं टाकला: "मयताच्या घरात तळण लावलंय व्हय गं?"

त्यांना शांत करायला चकलीच द्यावी लागली. "खुसखुशीत झाल्यात," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण आलेलं रडू असं मधेच थांबवू ने. छातीत धरतंय." मग सासूबाईंच्या गळ्यात पडून त्यांनी राहिलेलं रडून घेतलं. त्या रडतायत म्हणून सासूबाईही रडल्या, त्या रडतायत म्हणून वाडीतल्या बायका गोळा झाल्या, आणि गोळा झालेल्यांना काय झालंय ते मी सांगायचं, असं सर्वानुमते ठरलं.

संध्याकाळी मुंबईची जीप आली. तात्या, म्हणजे माझे चुलतसासरे, मुंबईत माथाडी कामगार होते. त्यांच्या मिशा पंचक्रोशीत प्रसिद्ध. लग्नाच्या व्हिडिओत कॅमेरावाला नवरदेव सोडून त्यांच्यावर स्थिरावायचा. जीपमधून तात्या उतरले आणि वाडीत कुणी त्यांना ओळखेना. बातमी कळताच त्यांनी अंघोळ केली होती, चाळीतल्या घरावरचा कंदील उतरवला होता, शेजाऱ्यांना सुतक सांगितलं होतं आणि नाक्यावरच्या सलूनमध्ये जाऊन मिशा काढल्या होत्या. मिशीच्या जागी पांढरट पट्टा. माणूस उघडा पडल्यासारखा दिसत होता.

आबा पुढे झाले. दोघं भाऊ एकमेकांसमोर उभे राहिले. आबा म्हणाले, "ह्ये काय करून घेतलंस?"

तात्यांनी आधी भावाच्या पायाला हात लावला. नीट दाबून पाहिला. मग कोटाच्या खिशातून माझं शुभेच्छापत्र काढलं आणि शांतपणे विचारलं, "ह्ये कुणी केलं?"

सगळी वाडी माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, "हँडमेड आहे."

तात्यांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना ओठांवर हात धरायला सुरुवात केली. भाऊबिजेच्या फोटोत ते पंचपाळं तोंडापुढे धरून उभे आहेत.

आलेली माणसं दिवाळी करूनच गेली. तात्या मात्र जायच्या आधी म्हणाले, "आलोच आहे तर पोराचं एक काम करून घेतो. भरतीचा फॉर्म भरायचाय. आबा, तो धरणाचा दाखला द्या." नीरा-देवघर धरणात ११.७३ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं थोडं आमच्या खालच्या शेतावर आहे. सरकारी भरतीत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण असतं आणि त्याचा मूळ दाखला आबांनी ट्रंकेत ठेवला होता.

ट्रंकेत.

मला एकदम त्या कागदाचा जांभळा शिक्का आठवला. काय सुरेख शिक्का होता! गोल, एका बाजूला किंचित पुसट, वर वळणदार सही. असा शिक्का बाजारात विकत मिळत नाही. तो मी वहीच्या मधल्या दुपानी चित्रात घेतला होता. पानाचं नाव 'विरघळलेली माती'. दाखल्यावर जेसोचा हात, त्यावर हिरड्याचं पाणी, कडेनं नेचे, आणि सातबाऱ्याच्या झेरॉक्सचे फाडलेले तुकडे. मी वही आणली. तात्यांनी ओठांवरचा हात काढला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

दाखला चहाच्या आधणाच्या वाफेवर धरून सोडवला. सासूबाईंनी पातेलं धरलं, जाऊबाईंनी उलथन्याची धार कडेनं फिरवली. ज्या हातांनी त्या पुरणपोळी न फाटता उलटतात त्याच हातांनी सरकारी कागद अख्खा निघाला. जेसो बराचसा सुटला. शिक्का शाबूत होता. सहीवरून मात्र नेच्याचं पान गेलं होतं, एक एक शीर दिसत होती.

तात्यांचा मुलगा तो घेऊन कचेरीत गेला, सोबत मी, गुन्हेगार म्हणून. टेबलापलीकडच्या साहेबांनी दाखला उजेडाकडे धरला, वास घेतला, नखानं कोपरा खरवडला. "मॅडम, तारीख परवा-परवाची आहे आणि कागद शिवकालीन. जुना दिसावा म्हणून काहीतरी लावलंय याला. खरं सांगा."

मी खरं सांगितलं. चहाचं, हिरड्याचं, घोड्याच्या नालेचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून आणा."

बाहेर झाडाखाली टाइप करणारे बसतात. त्यातल्या एकानं कागद चढवला, नाव विचारलं, वय सज्ञान टाकलं, राहणार हिर्डोशी, तालुका भोर, जिल्हा पुणे. "धंदा?" असं विचारत त्यानं 'घर' एवढं टाइप केलंही होतं. मी थांबवलं. "मिश्र माध्यम कलाकार लिहा."

त्यानं क्षणभर माझ्या काळ्या बोटांकडे पाहिलं, 'घर' खोडलं आणि टाइप केलं: धंदा, मिश्र शेती.