रुखवतातले शोधनिबंध

जगाची सुरक्षा हॉटेलात ठरते. १९६३ साली सुरू झालेली म्युनिकची परिषद बायरिशर होफ हॉटेलात भरते. सिंगापूरच्या परिषदेत तर आडपडदाच ठेवलेला नाही. तिला शांग्री-ला हे हॉटेलचंच नाव देऊन टाकलंय. आपला रायसीना संवाद २०१६ पासूनचा. नाव साउथ ब्लॉकच्या टेकडीचं, मांडव ताज पॅलेसमध्ये. यजमान परराष्ट्र मंत्रालय आणि ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन.

मांडव म्हटलं ते मुद्दामच. इथे मंत्री आणि सचिव हे मुलाकडचे. उशिरा येतात, पहिल्या रांगेत बसतात आणि निघायची घाईही त्यांनाच. अभ्यासक मुलीकडचे. महिनोन्‌महिने राबून शोधनिबंध करतात आणि रुखवतासारखा मांडून ठेवतात. येणारा-जाणारा थबकतो, ‘वा, तळटिपा काय सुरेख आहेत!’ म्हणतो आणि जेवायला जातो. रुखवतातल्या त्या भल्यामोठ्या लाडवाला कोणी हात लावलेला मी तरी पाहिलेला नाही.

बंद दाराआडच्या बैठकांना चॅथम हाउसचा नियम लावतात. लंडनच्या या संस्थेने तो १९२७ साली केला: काय ऐकलं ते बाहेर सांगा, कोण बोललं ते सांगू नका. आमच्या वाड्यातल्या नळावर नेमका उलटा नियम होता. कोण बोललं ते आधी सांगायचं. काय बोललं, ते ज्याचं त्याने रचायचं.

मुलाकडचे कधी स्पष्ट बोललेच, तर पंचाईत होते. २००७ साली पुतिन म्युनिकला आले आणि अमेरिकेची एकछत्री सत्ता, नाटोचा विस्तार हे आपल्याला मान्य नाही, असं तोंडावर सांगून गेले. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशियाचे रणगाडे जॉर्जियात होते, २०१४ मध्ये क्रिमिया गेला. तज्ज्ञ मात्र पुतिन यांना ‘नेमकं काय म्हणायचं होतं’ यावर चर्चासत्रं भरवत राहिले. २०२२ च्या परिषदेला रशियाने माणूसच पाठवला नाही. सोयरा लग्नाला आला नाही की त्याच्या घरी काहीतरी शिजतंय, एवढं आमच्या आत्यालाही कळतं. २० फेब्रुवारीला परिषदेचं सूप वाजलं, २४ ला युक्रेनवर हल्ला झाला.

तरी या मांडवांत एकदा खरं मत ऐकू आलं, तेही मागच्या खुर्च्यांवरून. ३ मार्च २०२३, रायसीना संवाद. युद्धाचा रशियाच्या ऊर्जा धोरणावर काय परिणाम झाला, असं रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांना विचारलं. हे युद्ध आम्ही थांबवू पाहतोय, ते आमच्यावर लादलं गेलंय, अशी त्यांनी सुरुवात केली आणि सभागृह खो खो हसलं. ना शोधनिबंध, ना तळटीप. लावरोव्ह जरा अडखळले आणि ऊर्जा धोरणावर पुढे बोलू लागले. युद्धाचं तेव्हा दुसरं वर्ष सुरू होतं.