कुंडातला कसावा

सावुसावूच्या कुंडांत आंघोळ करता येत नाही, पाणी जवळजवळ उकळतं असतं, हे मी वाचूनच गेलो होतो. तरी पंचा घेतलाच. फिजीतल्या वानुआ लेवू बेटावर का होईना, गरम पाण्याच्या झऱ्यापाशी ठाणे जिल्ह्यातला माणूस पंच्याशिवाय उभा राहिला तर वज्रेश्वरी-गणेशपुरीची अब्रू काय राहील?

झऱ्यावर एक बाई कापडाचं गाठोडं पाण्यात सोडून, वर गोणपाट झाकून निवांत बसल्या होत्या. मी खांद्यावर पंचा टाकून, कोणी न विचारता, व्याख्यान सुरू केलं. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि वर येतं; आमच्या कोकणात उन्हवरे, तुरळ, राजवाडी इथेही हेच. बाईंनी ऐकून घेतलं. ओहोटीला किनाऱ्यावरून वाफा निघताना बघत ज्या वाढल्या, त्यांना मी वाफ समजावत होतो.

"तुमच्याकडे त्यात काय शिजवतात?"

"काही नाही. आंघोळ करतो. पापं धुतली जातात."

"सगळ्यांची? एकाच पाण्यात?" आणि त्यांनी गाठोडं माझ्यापासून जरा लांब सरकवलं.

गाठोड्यात कसावा होता. आता इथे थांबावंच लागेल, कारण आपला साबुदाणा या कंदाच्या पिठाचा. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला; आपल्याकडे तमिळनाडूतल्या सेलमला त्याचे मोती होतात आणि आषाढीला आपल्या ताटात येतात. कोणत्या ऋषींनी त्याला उपासाची परवानगी दिली कोण जाणे. बरं, तो एकटा आला असता तर गोष्ट वेगळी. खिचडीतला बटाटा अमेरिकेचा, शेंगदाणा अमेरिकेचा, हिरवी मिरचीही तिकडचीच. जिऱ्याचा भरवसा धरावा, तर ते पश्चिम आशियातलं. राहता राहिलं तूप. म्हणजे वांग्याला परकं ठरवून ज्या खिचडीवर आपण दिवसभर पुण्य कमावतो, तिच्यात स्वदेशी काय, तर चमचाभर तूप! हे मी बाईंना तळमळीने सांगितलं. त्यांनी उकडलेला एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. बोलणं थांबवायचा उपाय म्हणून असेल, पण मीठही न लावता तो फार छान लागला.

परतताना टॅक्सीवाला लंबासाकडचा, उसाच्या मुलखातला निघाला. मी मोठ्या मनाने म्हणालो, "तुमची हिंदी चांगली आहे हो." तो म्हणाला, "भैया, तुम्ही कधी शिकलात?"

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. 1879 ते 1916 या काळात सुमारे 60,000 माणसं गिरमिटावर, म्हणजे पाच वर्षांच्या करारावर, उसाच्या मळ्यांत राबायला हिंदुस्थानातून इथे आणली गेली. पुष्कळांना आपण नेमकं कुठे चाललोय हेही माहीत नव्हतं. त्याचा पणजोबा त्यांतला. सरकारी दप्तरातल्या पासाची नक्कल घरात आहे; त्यावर गाव वाचता येत नाही, जिल्हा वाचता येतो. बस्ती.

"तुम्ही गेलायत बस्तीला? कसं आहे?"

तासाभरापूर्वी पृथ्वीच्या पोटातलं सांगणारा मी गप्प झालो. मग म्हणालो, "आमच्यापासून जरा लांब पडतं."

फिजीत बसून हे म्हणालो. तो भला माणूस. "हां, इंडिया बहुत बड़ा है," एवढंच बोलला आणि त्याने गियर बदलला. मला स्वतःचा इतका राग क्वचितच आला असेल. अर्धी पृथ्वी ओलांडून मी उकळतं पाणी बघायला येतो. एका माणसाला त्याच्या पणजोबाच्या मुलखाबद्दल चार शब्द सांगायचे, तर माझ्याकडे उन्हवऱ्याची माहिती.

घरी आल्यावर वेळापत्रक काढलं. लोकमान्य टिळक टर्मिनसहून गोरखपूरला जाणारी कुशीनगर एक्स्प्रेस बस्तीला थांबते. कल्याणलाही थांबते.