वीस रुपयांच्या नोटेत

अंदमानात घड्याळ भारताचं असलं तरी बेटं पार पूर्वेला आहेत. त्यामुळे पाचच्या सुमारास लख्ख उजाडतं आणि टूर मॅनेजर लगेच दार वाजवतो. आदल्या दिवशी सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर आमचा अख्खा ग्रुप गहिवरला होता. यापुढे कसल्याही गैरसोयीची तक्रार करायची नाही, असा संकल्प मी तिथे मनोमन सोडला. तो सकाळच्या गार उपम्यापर्यंत टिकला.

पोर्ट ब्लेअरहून बोटीने नॉर्थ बे. जुन्या तांबूस वीसच्या नोटेमागे नारळाची झाडं आणि दीपस्तंभ आहे ना, तो इथलाच. मी घरून एक कोरी नोट जपून आणली होती. हातात नोट, मागे तोच देखावा, असा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा बेत होता. किनाऱ्यावर मी नोट सरळ धरली, तिरकी धरली, वाळूत उकिडवा बसलो. चित्र काही जुळेना. बराच वेळ माझी कवायत पाहून शहाळेवाल्याने पलीकडच्या डोंगराकडे कोयता रोखला. “साहेब, नोटेतलं दृश्य तिकडून दिसतं. माउंट हॅरिएटच्या वाटेवरून. तुम्ही फोटोच्या आत उभे आहात.”

“अहो, नव्या नोटेवर आपलं वेरूळ आहे,” ही शांतपणे म्हणाली. “तिथे जायला रिक्षासुद्धा मिळते. पण पाहुणे आले की तुम्हालाच ऊन लागतं.”

मग इभ्रत सावरायला मी ‘सी वॉक’चं तिकीट काढलं. पोहता यायची गरज नाही, चष्मा भिजत नाही, असं कळल्यावर माझ्यातला दर्यावर्दी जागा झाला. खाणाखुणा समजावून सांगत होते, तेव्हा मी शेजारच्या काकांना धीर देत होतो. डोक्यावर घंगाळाएवढं हेल्मेट चढवलं, नळीतून हवा सुरू झाली आणि मी समुद्राच्या तळाशी उभा राहिलो. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे काचेला येऊन माझं निरीक्षण करू लागले. प्रशिक्षकाने बोटांचं वर्तुळ करून ‘ठीक ना?’ असं विचारलं. मी आनंदाने अंगठा वर केला.

पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’.

त्याने तत्परतेने नेलं. “काय त्रास होतोय, अंकल?” “काही नाही, मजा येत होती!” तोवर माझं हेल्मेट पुढच्याच्या डोक्यावर गेलं होतं. ज्यांना धीर दिला ते काका आरामात फिरून आले. वर मलाच म्हणाले, “पहिल्यांदा होतं असं.”

तिकिटात व्हिडिओ फुकट होता. हिने तो संध्याकाळी कौतुकाने माहेरच्या ग्रुपवर टाकला. मेव्हण्याचं उत्तर लगेच आलं: “मासे झकास! पण मध्येच वर निघालेले ते पाय कुणाचे?”