कढईखाते

तात्या माझगाव डॉकच्या स्टोअरमधून रिटायर झाले आणि ताडवाडीतल्या त्यांच्या घरातलं तेल रेकॉर्डवर आलं. तोवर ते पळीने पडत होतं आणि पोटात जात होतं. सुनेने केकसाठी आणलेला वजनकाटा तात्यांच्या हाती लागला, तेव्हापासून घरात केक झालेला नाही.

पद्धत साधी आहे. तेलाची बरणी काट्यावर ठेवायची, बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा, काकूंनी फोडणीला तेल ओतलं की बरणी परत काट्यावर. काटा ‘उणे १८’ दाखवतो. तात्या वहीत लिहितात, “अठरा नव्वे एकशे बासष्ट.” एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी, पिठातल्या पिष्टात आणि डाळीच्या प्रथिनांत ४. हे गणित बिनचूक आहे आणि तात्या ते वाण्याच्या दुकानात रांगेतल्या बायकांनाही ऐकवतात. शेंगदाण्याचं घ्या, करडईचं घ्या, ऑलिव्हचं घ्या नाहीतर पिशवीवर ‘लाइट’ छापलेलं घ्या, नऊ म्हणजे नऊच. एक लिटरच्या पिशवीत ९१० ग्रॅमच भरतात, यावर एका नव्या पोऱ्याने “काका, बाकीचे नव्वद मी नाही खाल्ले” असं म्हटलं, तेव्हा तात्यांनी त्याला घनता शिकवली. गिऱ्हाइकं खोळंबली.

२०२५ साली पंतप्रधानांनी तेल दहा टक्के कमी करा म्हणून देशाला आवाहन केलं. तात्यांनी ते हेड ऑफिसचं सर्क्युलर आल्यासारखं घेतलं. याच घरातून त्यांची आई १९७० च्या दशकात महागाईविरुद्धच्या लाटणं मोर्चाला गेली होती. तेव्हा रॉकेल, तेल, धान्य सगळ्याचीच मारामार. मिळालेलं तेल पुरवून पुरवून वापरणारी ती बाई आज असती, तर काट्याचं कौतुक तिने केलं असतं की तो काटा तिने खिडकीतून टाकला असता, सांगता येत नाही. मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

खरा घोळ खर्चाच्या वाटपात आहे. घरात माणसं चार. एकशे बासष्ट भागिले चार, माणशी साडेचाळीस, असं वहीत छान दिसतं. पण आमटीतलं तेल वर तवंग धरून बसतं. आधी वाढून घेईल त्याच्या वाटीत तवंग, शेवटी घेईल त्याला खालची डाळ. म्हणून तात्या जेवायला बसले की हुकूम सुटतो, “ढवळून वाढ.” काकू ढवळतात. पण पहिली वाटी तात्यांचीच असते आणि ढवळणं त्यानंतर सुरू होतं, हे वहीत नाही.

रविवारी भाऊच्या धक्क्यावरून बोंबील येतात. काकू ते साफ करून पाट्याखाली दाबतात, पाणी काढतात, मग रव्यात घोळवून तव्यावर. त्या दिवशी तात्या उभेच असतात. १२० ग्रॅम तेल ओतलं, ७४ उरलं, म्हणजे ४६ गेलं. कुठे गेलं? त्यांनी बोंबील तळण्याआधी आणि तळल्यावर तोलले. तळलेले हलके भरले. काही क्षण तात्यांना वाटलं, आपल्या हाती मोठा शोध लागला. मग सून म्हणाली, “बाबा, पाणी उडालं ना त्यांच्यातलं.” तळण बरंचसं तेल शोषतं ते बाहेर काढल्यावर, गार होताना, हे वाचल्यापासून काकूंनी बोंबील तव्यावरून उचलायच्या आत तात्या कागद पुढे करतात. मग कागदही तोलतात. उरलेली तूट शेगडीमागच्या टाइल्सवर उडाली, असं धरतात.

महिन्याअखेर त्यांनी ताळेबंद मांडला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या दोन हजार कॅलरींच्या थाळीत माणशी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. घरात तेल लागलं तीन पिशव्या, म्हणजे माणशी जेमतेम २३ ग्रॅम. तुपाचे दोन-तीन धरले तरी काकू मर्यादेत होत्या, आणि बहुधा लग्न होऊन आल्यापासून होत्या. चोरी न सापडलेल्या फौजदारासारखे तात्या दोन दिवस गप्प होते. डॉकयार्ड रोड स्टेशनबाहेरचा वडापाव या हिशेबात येत नाही, कारण तो घरचा खर्च नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांना नवं कलम सुचलं. फोडणीतलं सगळं तेल माणसांच्या पोटात जातच नाही. थोडं कढईला राहतं. मग ते माणसांच्या नावावर का? त्यांनी वहीत पाचवा रकाना आखला, ‘कढई’. रोज ५ ग्रॅम, ४५ कॅलरी तिच्या नावे. माणसांचे आकडे लगेच सुधारले.

काकूंनी चष्मा लावून वही वाचली. “कढईला पाच ग्रॅम?”

“राहतं की.”

“घासते मी. मला विचारा.”

कारण पिठल्याची असो की वांग्याची, रिकामी झालेली कढई घासायला जात नाही. ती आधी ताटाशी येते. तिच्यात गरम भात पडतो, कडेची खरपूड उलथन्याने सुटते, मीठ भुरभुरतं, आणि कढई आतून लख्ख होईतो तात्या वर बघत नाहीत.

“मग हे पंचेचाळीस कोणाच्या नावावर टाकू?” काकूंनी पेन्सिल उचलली.

“असू दे, असू दे,” तात्या भात कालवत म्हणाले. “वार्षिक तपासणीत बघू.”